शेवटच्या ओळीतल्या गोळ्या

खंडेनवमीच्या सकाळी केतकीने रायफल पाटावर ठेवली, नळीला हळदकुंकू लावलं, दस्त्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "सुयोग, तुझं यंत्रही आण की. त्यालाही फूल वाहू. त्याच्याशिवाय आमच्या या रायफलबाईसाहेबांचं आता पान हलत नाही."

तिचा नवरा सुयोग दारातच उभा होता. हातातल्या पडद्यावर केतकीच्या मागच्या महिन्याभराच्या सरावाचा आलेख होता आणि त्याची नजर त्यावरून हटत नव्हती. "आणतो," असं म्हणाला खरा, पण जागचा हलला नाही.

"अरे, काय झालं?"

"काही नाही. आकडेमोडीत काहीतरी चुकलंय माझं."

चुकलं काहीच नव्हतं, आणि ते त्याला त्या क्षणीही माहीत होतं. सुयोग इंगवले कोल्हापूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. तो स्वतःच्या आकडेमोडीत सहसा चुकत नसे, हीच तर सगळ्या घोळाची सुरुवात होती.

त्याचं असं झालं होतं. चार वर्षांपूर्वी राष्ट्रीय संघाच्या निवडीत केतकी शेवटच्या गोळीपर्यंत पुढे होती. शेवटची गोळी तिने नेहमीसारखीच मारली. श्वास धरला होता, निशाण स्थिर होतं, खटका हळुवार दाबला होता. आवाज मात्र वेगळाच आला, जरा बसका, आणि गोळी आठाच्या घरात गेली. संघातली जागा गेली. परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत ती तो बार मनात पुन्हा पुन्हा उडवून बघत होती. मग एवढंच म्हणाली, "ती गोळी माझी नव्हती रे."

नेमबाजांच्या बाहेरच्या माणसाला हे रडगाणं वाटेल. नेमबाजाला नाही वाटणार. लहान रायफलीचं काडतूस म्हणजे नखाएवढी पितळी नळकांडी. तिच्या बुडाच्या काठात ठिणगीचा मसाला फिरवून भरलेला असतो, वर चिमूटभर दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. मसाला काठात सगळीकडे सारखा बसला नसेल आणि घोडा नेमका विरळ जागी आपटला, तर दारू अंमळ उशिरा पेटते. गोळी अंमळ हळू निघते. पन्नास मीटरवर पोचेपर्यंत ती जास्त खाली येते, आणि वेगात जराशी घट झाली तरी दहाचं घर हुकायला तेवढी पुरते. एकाच कारखान्यातली, एकाच डबीतली, दिसायला जुळी भावंडं असलेली काडतुसं अशी वेगवेगळी वागतात. त्यात पुन्हा नळीचा स्वभाव. बार उडाला की पोलादी नळीही तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते आणि त्या थरथरीत गोळी नेमकी कोणत्या क्षणी बाहेर पडते, त्यावर ती कुठे जाणार हे ठरतं. म्हणून एका रायफलीची लाडकी गोळी दुसरीला चालत नाही. पूर्वी नेमबाज रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या खेपांची काडतुसं मारून बघत आणि जी खेप नळीला मानवेल तिच्या पेट्या घरी नेत. तरीसुद्धा पन्नासात एखादी दगाबाज निघायचीच, आणि ती कोणती हे मारल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

तो मार्ग सुयोगने काढला. काडतूस रबरी चिमट्यात धरायचं, त्यातून कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज सोडायचा आणि परत येणारा नाद टिपायचा. मसाला कुठे दाट, कुठे विरळ, दारू कशी बसली आहे, गोळीला पितळेची पकड किती, हे सगळं त्या नादात असतं. दीड वर्ष खपून त्याने तो नाद वाचायला शिकवलेलं यंत्र तयार केलं. नाव ठेवलं 'कानोसा'. काडतूस न उडवता ते किती वेगाने सुटेल आणि कोणत्या नळीतून कुठे लागेल, हे कानोसा सांगत असे आणि खरं सांगत असे.

दोन वर्षांत देशभरच्या रेंजवर कानोसे आले. 'गोळी खराब होती' हे वाक्य नेमबाजांच्या तोंडून हद्दपार झालं. तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं की या एका वाक्यावर किती जणांचे संसार चालले होते! गोळीची चूक वजा केली की उरते ती माणसाची. चांगले चांगले नेमबाज आरशात बघावं तसे आपापले आलेख बघून खेळ सोडून गेले. सुयोगला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. त्याला एकाच बाईला दगाबाज गोळीपासून वाचवायचं होतं आणि ती बाई आता झेंडूचं फूल हातात घेऊन त्याची वाट बघत होती.

आलेखात दिसत होतं ते असं. दहा गोळ्यांच्या मालिकेत केतकीच्या पहिल्या चार-पाच मधोमध. मग एकेक गोळी केसभर खाली, केसभर डावीकडे. मालिका संपली, ती पाणी पिऊन पाच मिनिटं बसली की पुन्हा मधोमध, आणि पुन्हा तीच घसरण. गोळ्या सगळ्या कानोशाने निवडलेल्या, एकसारख्या. वारा तर असा मोजून मापून वाहत नाही. म्हणजे घसरत होता तो तिचा डावा हात. तिलाही न कळता, तिच्या शरीरात काहीतरी थकत होतं.

सुयोगने यंत्र आणलं. केतकीने त्यावर फूल वाहिलं.

तिला सांगायचं त्याने त्याच दिवशी ठरवलं होतं. आधी खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने तिची डबी जरा वेगळी भरली. डबीत पाच ओळी, ओळीत दहा काडतुसं. केतकी काडतुसं नेहमी डावीकडून उजवीकडे, एका ओळीनंतर दुसरी अशीच उचलते, आणि बोटांच्या या सवयीत तिने पंधरा वर्षांत बदल केलेला नव्हता. त्याने प्रत्येक ओळीच्या शेवटी कानोशाने नापास केलेली, जराशी जास्त वेगाची काडतुसं लावली. वेग जास्त म्हणजे गोळी वर, आणि या नळीच्या थरथरीने जराशी उजवीकडे. तिचा हात जेवढा खाली-डावीकडे जाईल, तेवढीच.

अंदाज खरा असेल तर त्या गोळ्या मधोमध लागायला हव्या होत्या.

त्या मधोमध लागल्या. एकूण एक. केतकी चटईवरून उठली ती लहान पोरीसारखी उडी मारूनच. "बघितलंस? शेवटी शेवटी खाली जात होतं ना, ते गेलं! मी म्हटलं नव्हतं, वाराच होता म्हणून?" तिने भर रेंजवर त्याच्या गळ्यात हात टाकले. सुयोगने रिकामी डबी पिशवीत टाकली. उद्या सांगू, त्याने स्वतःला समजावलं.

माणूस चांगला होता हो. पण चांगल्या माणसाचा उद्या फार लांबतो.

दिवाळी गेली. हाताची घसरण वाढली, तशी सुयोगने गोळ्यांची पायरी वाढवली, आणि शेवटच्या ओळीत ती पहिल्या काडतुसापासूनच सुरू केली. गोळी बंदुकीला जुळवायची असते, बंदुकीला हात लावायचा नसतो, हे नेमबाजीतलं पहिलं शिक्षण. तेच त्याने बायकोला लावलं होतं. कॉलेजातून आल्यावर तो आतल्या खोलीत बसून नापास काडतुसांच्या डब्यातून जास्तीत जास्त वेगाची, जास्तीत जास्त बिघडलेली काडतुसं हुडकायचा आणि तिच्या आजाराच्या मापाने ओळीत लावायचा. ज्या यंत्राने दगाबाज गोळी शोधून फेकायची, तेच यंत्र आता दगाबाज गोळ्या वेचून तिच्या डबीत घालत होतं. केतकीचे गुण मात्र चढतच होते. वर्तमानपत्रात फोटो आला. सासूबाईंनी अंबाबाईची ओटी भरली.

थंडीत इतर गोष्टी दिसायला लागल्या. संध्याकाळी तिची डावी पापणी अर्धवट मिटलेली असायची. "झोप होत नाही," ती म्हणायची. जेवताना हनुवटीला हाताचा टेकू द्यायला लागली. एकदा तांबड्या रश्श्याचा ठसका लागला, तो किती तरी वेळ थांबेना. सुयोग तिची पाठ चोळत राहिला.

शेवटी तो पराग बेनाडीकरकडे गेला. पराग त्याचा शाळेपासूनचा मित्र, मेंदू आणि मज्जातंतूंचा डॉक्टर. सुयोगने त्याच्यापुढे खरे आलेख ठेवले, हाताच्या घसरणीचे.

"कोणाचे आहेत?"

"एका खेळाडूचे. ओळखीच्या."

परागने पडदा पुढेमागे सरकवला. "विश्रांती घेतली की हात परत वर येतो? पापणी पडते? घास चावताना दमायला होतं?"

"होय."

"मग हात बिचारा चांगला आहे रे, निरोप पोचत नाहीये. मेंदू निरोप धाडतो, पण स्नायूच्या दारावर तो घेणारी जी कडी असते ना, ती शरीराचीच पहारेकरी फौज तोडत सुटलीय. आपल्या माणसाला चोर समजून. पहिले काही निरोप पोचतात, मग पोचेनासे होतात. जरा थांबलं की पुन्हा पोचतात. मायस्थेनिया म्हणतात. तपासून खात्री करावी लागेल, पण मला तरी दुसरं काही दिसत नाही."

"औषध आहे?"

"आहे आणि चांगलं आहे. वेळेत आली तर नातवंडं खेळवेल ती. नाही आली तर आज पापणी, उद्या घास, परवा श्वास. ह्याच आठवड्यात घेऊन ये."

"औषधात स्टिरॉइड असतं का?"

"बहुतेक वेळा लागतंच. का?"

"स्पर्धेत चालत नाही ते."

"परवानगी काढता येते. वेळ जाईल." परागने पडदा खाली ठेवला. "सुयोग, ही केतकी आहे का?"

"नाही रे," सुयोग म्हणाला.

जिना उतरताना तो दिवस मोजत होता. निवड चाचणी पंधरवड्यावर आली होती. पंधरा दिवस, फक्त पंधरा दिवस. एकदा संघात नाव लागलं की तिथून थेट दवाखाना. तिचं चार वर्षांपूर्वीचं नशीब आपण परत आणून देतोय, असं तो स्वतःला सांगत होता. खरं म्हणजे आता सांगावं तर ती पहिला प्रश्न काय विचारील, याचीच त्याला भीती वाटत होती.

चाचणी पुण्याच्या रेंजवर होती. संघात जागा दोन आणि दावेदार तिघी. त्यातली एक शबाना मुजावर, मिरजेची. केतकीची जुनी मैत्रीण आणि तेवढीच जुनी प्रतिस्पर्धी. दोघींनी रायफलींच्या नळ्याही एकाच वेळी, एकाच खेपेतल्या घेतल्या होत्या आणि कानोशाच्या हिशेबात त्या अगदी सख्ख्या बहिणी होत्या. त्यामुळे एकीच्या गोळ्या दुसरीला हमखास चालत.

सराव संपत आला आणि शबाना धावत आली. "केतकी, दहा गोळ्या दे की गं उसन्या. माझ्या डब्या गाडीतच राहिल्यात, भाऊ आणायला गेलाय. वाऱ्याचा अंदाज तरी घेते."

"घे की." केतकीने डबी पुढे केली. "शेवटची ओळ घे, ती मला सरावाला नको आता."

सुयोग कठड्यापलीकडे उभा होता. "अगं, थांब, दुसरी डबी देतो," तो ओरडला. त्याचा आवाज इतका चिरकला की आजूबाजूची दोनचार माणसं वळून बघायला लागली. शबाना तोवर दहा काडतुसं मुठीत घेऊन आपल्या जागेवर गेलीही होती. कोणीही नेमबाज कोणाही नेमबाजाला गोळ्या उसन्या देतो, यात अडवण्यासारखं कोणाला काय वाटणार? तो नुसता बघत राहिला. पहिली गोळी दहाच्या वरच्या काठावर. दुसरी नऊ. पाचवी आठ.

शबाना परत आली. "काय गं ह्या गोळ्या? एकेक करत पायरीनं वर, उजवीकडं चढत्यात. ह्या गोळ्यांवर तू एवढे गुण कशी मारतीस?"

केतकीने डबीतल्या रिकाम्या ओळीकडे पाहिलं, मग शबानाच्या निशाणावर वर वर चढत गेलेल्या ठिपक्यांकडे. ही ओळ तिच्या हातून रोज मधोमध लागत होती. पंधरा वर्षं नेमबाजी केलेल्या बाईला यातून पुढचं समजायला कितीसा वेळ लागणार! तिने डावा हात समोर धरला, तळवा उलटासुलटा करून बघितला आणि मग मान वर करून सुयोगकडे पाहिलं.

तो कठड्यापाशी आला. त्याला बोलावं लागलं नाही. चेहऱ्यावर सगळं होतं.

"माझा हात खाली जातोय," ती म्हणाली.

"केतकी, आज मारू नकोस. आत्ता दवाखान्यात जाऊ. हात जोडतो."

"आजार आहे?"

"आहे."

"नाव आहे त्याला?"

"आहे. ऐक माझं, श्वासापर्यंत जाऊ शकतं ते..."

"सरळ गोळ्यांची डबी आहे तुझ्याकडे?"

"केतकी!"

"आहे का नाही?"

होती. सगळ्यात उत्तम निवडलेल्या पन्नास गोळ्यांची डबी त्याच्या पिशवीत कायम असायची. आता का ठेवली होती, कोण जाणे! ती त्याने तिच्या हातात दिली. द्यायला नको होती, हे त्याला तेव्हाही समजत होतं. पण इतके महिने त्याने तिच्या वतीने ठरवलं होतं आणि आता ती ठरवत असताना त्याला तिचा हात धरायचा धीर झाला नाही.

पहिल्या ओळीत ती शबानाच्या बरोबरीने होती. दुसरीत घसरली. प्रेक्षकांच्या मोठ्या पडद्यावर तिचे ठिपके खाली, डावीकडे उतरायला लागले. सुयोगने घरात दार लावून बघितलेला आलेख आता साऱ्या रेंजसमोर उमटत होता. प्रत्येक ओळीनंतर ती जास्त वेळ डोकं टेकून पडत होती. शेवटच्या ओळीत दोन गोळ्यांमधलं अंतर इतकं वाढलं की पंच घड्याळ बघायला लागले. सुयोग कठडा धरून पुटपुटत होता, "उठ, सोड, उठ." ती उठली नाही. शेवटची गोळी मारताना तिने डोळा दोनदा मिटून उघडला, मान जरा डावीकडे नेली आणि खटका दाबला.

मग ती उठून बसली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि ते पाणी नाकावाटे बाहेर आलं. तिने घाबरून सुयोगकडे हात केला. बोलायचा प्रयत्न केला, तर आवाज नाकातून, अर्धवट येत होता. "श्वास... पुरत नाही रे."

रुग्णवाहिकेत सुयोग तिचे श्वास मोजत होता आणि चुकत होता. दवाखान्याच्या दारातच त्याने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "मायस्थेनिया आहे हिला."

"कोणाचं औषध चालू आहे?"

"कोणाचंच नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या यंत्राने सांगितलं."

त्या बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पुढे विचारायला वेळ नव्हता. केतकीच्या घशात नळी गेली आणि दार मिटलं.

त्यानंतरचे दिवस सुयोगने बाकावर काढले. आत तिचं रक्त बाहेर काढून, त्यातली ती वेडी फौज गाळून परत सोडत होते. पराग कोल्हापूरहून आला, डॉक्टरांशी बोलला आणि जाताना सुयोगसमोर थांबला. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "माझ्याशी का खोटं बोललास रे?" एवढंच विचारून तो निघून गेला. शबानाचं नाव संघात लागलं होतं. ती रोज सकाळी यायची, काचेतून मैत्रिणीला बघायची. एकदा सुयोगने तिला चहा आणून दिला, तर म्हणाली, "ठेवा तिकडं, दादा. तुमच्या हातचं नको." तो कप तिथेच निवला.

बरी झाली तर एक आणि न झाली तर दुसरं, असे दोन जन्म सुयोगने त्या बाकावर जगून घेतले. देवाला कधी हात न जोडलेला माणूस तो, पण आता कशालाही हात जोडत होता. कॉरिडॉरमधल्या लिफ्टलासुद्धा.

केतकी वाचली. नळी काढली त्या दुपारी त्याला आत सोडलं. ती उशीला टेकून बसली होती, पापणी अजून जड होती. तो शेजारी उभा राहिला. बसायचं की नाही, हे त्याला समजेना.

तिने ओठ ओले केले. आवाज खरखरीत होता, प्रत्येक शब्दासाठी थांबावं लागत होतं. "शेवटची गोळी... कुठं लागली?"

"तू बघितली नाहीस?"

"दोन निशाणं दिसत होती. डावीकडचं धरलं."

सुयोगच्या जिभेवर 'दहा' आलं. अगदी टोकाशी आलं. हा एक शब्द दिला तर तिच्या चेहऱ्यावर काय उमटेल, ते त्याला दिसत होतं. आजारी माणसाला एवढं द्यायला काय हरकत आहे, असंही मनात आलं. त्या क्षणी त्याला शेवटच्या ओळीत काडतुसं लावणारी स्वतःची बोटं दिसली.

"सातात," तो म्हणाला. "खाली, डावीकडे."

"गोळी चांगली होती?"

"डबीतली सगळ्यात चांगली. त्यात काही खोट नव्हती."

"म्हणजे ती माझीच होती."

"तुझीच होती."

तिने मान हलवली. मग डोळे त्याच्याकडे वळवले, दोन्ही, जमतील तेवढे उघडून.

"आता हेही असंच सांग," ती म्हणाली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

परागचं नाव घेता आलं असतं. पंधरा दिवस म्हणता आलं असतं, आणि पंधरा दिवस कदाचित माफही झाले असते. सुयोगने पलंगाची कड घट्ट धरली.

"खंडेनवमीपासून," तो म्हणाला.